सिस्टिक फायब्रोसिस आणि नागपूरचा उन्हाळा: घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

खाली डोसचे जे आकडे आहेत ते डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत म्हणून दिले आहेत. तुमच्या लेकराचा डोस त्याच्या वजनावरून आणि रिपोर्टवरून डॉक्टरच ठरवतील.

हा फुफ्फुसाचा आजार आहे की पोटाचा?

दोन्हींचा, आणि घामाचाही. सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नावाचं जनुक आहे. ते 1989 मध्ये सापडलं. त्याच्यापासून बनणारं प्रथिन पेशींतून क्लोराइड आणि पाणी आत-बाहेर सोडतं. ते बिघडलं की फुफ्फुसातला चिकट स्राव घट्ट होऊन साचतो, त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, त्यामुळे अन्नातली चरबी पचत नाही. घामाच्या ग्रंथीत मात्र उलट होतं: घामातलं मीठ परत शरीरात ओढलं जायला हवं, ते जात नाही. जगभरची माहितीपत्रकं फुफ्फुसापासून सुरू होतात, कारण ती थंड देशांत लिहिलेली असतात. नागपुरात एप्रिल ते जून या काळात लहान बाळाला पहिला धोका मिठाचा असतो.

बाळाची पापी घेतली की खारट लागतं. तपासायला हवं का?

हो. कपाळावर किंवा टोपीच्या कडेला पांढरी पूड दिसत असेल तर नक्कीच. त्यासोबत पुढचं काही असेल तर उशीर नको: भूक चांगली असूनही वजन न वाढणं, तेलकट आणि फार दुर्गंधी असलेली शी, महिनोन्‌महिने न जाणारा ओला खोकला, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, नाकात कोंब, बोटांची टोकं फुगलेली. जन्मानंतर पहिली काळी शी अडकून ऑपरेशन झालं असेल किंवा आधीचं भावंड लहानपणी ‘न्यूमोनियानं’ गेलं असेल, तर ते डॉक्टर विचारत नसले तरी तुम्ही सांगा.

दोनदा टीबीचा कोर्स झाला, तरी खोकला आहेच. असं होतं का?

फार होतं. एक्स-रेवर वरच्या भागात डाग, बारीक शरीर, सततचा खोकला हे चित्र आपल्याकडे टीबीचंच वाटतं. टीबी खरोखर असूही शकतो. पण जंतू एकदाही सापडला नसताना कोर्स झाला असेल, किंवा थुंकीच्या कल्चरमध्ये (थुंकीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) स्यूडोमोनास हा जंतू आला असेल, तर घामाची तपासणी मागा. दुसऱ्या कोणत्याही आजाराविना लहान मुलाच्या थुंकीत स्यूडोमोनास वारंवार यावा हे साधं नाही.

घामाची तपासणी कशी करतात? दुखतं का?

हाताच्या आतल्या बाजूला पिलोकार्पिन औषध लावून पाचेक मिनिटं अगदी हलका विद्युतप्रवाह देतात. मुंग्या येतात, दुखत नाही. मग त्याच जागेवर 30 मिनिटं घाम गोळा करून त्यातलं क्लोराइड मोजतात. बाळ दोन आठवड्यांहून मोठं आणि निदान 2 किलोचं असावं. लिटरमागे 30 मिलिमोलच्या खाली आलं तर आजाराची शक्यता कमी, 30 ते 59 मधे असेल तर पुन्हा तपासणी आणि जनुक चाचणी, 60 किंवा जास्त आलं तर आजार धरून चालायचं आणि खात्री करायची.

लॅबला फोन करताना एकच प्रश्न नीट विचारा: क्लोराइड मोजता की कंडक्टिव्हिटी, म्हणजे घामातून वीज किती वाहते ते? कंडक्टिव्हिटीचा आकडा जास्त येतो आणि तो वरच्या आकड्यांशी ताडून बघायचा नसतो. ती फक्त चाळणी आहे. ‘घाम कमी पडला’ असा रिपोर्ट म्हणजे निगेटिव्ह नव्हे, तपासणी झालीच नाही असं समजा. कुपोषणामुळे अंगावर सूज असलेल्या बाळात आकडा खोटा कमी येऊ शकतो. सूज उतरल्यावर पुन्हा करा.

आमच्या दोन्ही घरांत कुणालाच नाही. मग आला कुठून?

विदर्भात सिकलसेलमुळे ‘वाहक’ म्हणजे काय हे पुष्कळांना माहीत आहे. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असते, तो वाहक. इथेही तोच नियम लागतो. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के, आणि दोन्ही जनुकं चांगली असण्याची 25 टक्के. ‘एक झालं, आता पुढची तीन सुटली’ असा हिशोब नसतो. वाहकाला काही त्रास होत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पत्ता लागत नाही. मामे-आते भावंडांत लग्न झालेल्या घरात दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या लग्नांतही हा आजार होतो. आईनं गरोदरपणी काय खाल्लं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे सासरच्यांनाही सांगून टाका.

उन्हाळ्यात नेमकं काय बिघडतं?

1948 मध्ये न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली. तेव्हा पॉल दि सांत’आग्नेसे या बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं की उष्म्यानं कोसळून दवाखान्यात येणाऱ्या मुलांत याच आजाराची मुलं जास्त आहेत. आजची घामाची तपासणी त्या निरीक्षणातून आली. न्यूयॉर्कच्या एका लाटेत जे दिसलं, ते आपल्याकडे पारा 45 च्या पुढे गेला की आणि नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दरवर्षी होऊ शकतं.

घामावाटे मीठ आणि पाणी दोन्ही जातं. निरोगी माणसाच्या घामात पाणी जास्त आणि मीठ कमी असतं, त्यामुळे रक्त दाट होतं आणि तहान लागते. या मुलांच्या घामात मीठच इतकं जातं की रक्त दाट होत नाही, आणि तहान हवी तेवढी लागतच नाही. म्हणून ‘मागेल तेव्हा पाणी देऊ’ हा नियम इथे चालत नाही. नुसतं पाणी पाजत राहिलं तर उरलेलं सोडियमही पातळ होतं. बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही, उलट्या करतं, वजन घटतं. रक्तात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड तिन्ही कमी आणि रक्त अल्कलीकडे झुकलेलं असं चित्र दिसतं. अनेक बाळांचं निदान अशाच एका भरतीत होतं. जुलाब नसताना बाळ इतकं कोरडं कसं पडलं, हा प्रश्न तेव्हा कुणीतरी विचारायला हवा.

मग मीठ किती आणि कसं द्यायचं?

सर्वसाधारण सुरुवात अशी असते: सहा महिन्यांपर्यंत दिवसाला मोजणीच्या टीस्पूनचा आठवा भाग, सहा महिने ते एक वर्ष पाव टीस्पून. सपाट टीस्पूनमध्ये साधारण 6 ग्रॅम मीठ बसतं, म्हणजे आठवा भाग पाऊण ग्रॅम झाला. हे आकडे थंड देशांतून आलेले आहेत. नागपूरच्या मे महिन्यात डॉक्टर ते वाढवू शकतात, पण रक्ताचा किंवा लघवीतल्या सोडियमचा रिपोर्ट बघून.

घरातला चमचा वापरू नका, प्रत्येक घराचा वेगळा असतो. केक करण्यासाठी मिळणारा मोजणीच्या चमच्यांचा संच आणा. आठवा भाग मीठ उकळून गार केलेल्या 30 मिली पाण्यात विरघळवा. त्यातले 5 मिली सिरिंजनं मोजून दिवसभरात सहा वेळा काढलेल्या दुधात मिसळून द्या. उरलेलं 24 तासांनी फेकायचं. सगळं मीठ एकाच वेळी दिलं तर उलटी होते आणि सोडियम एकदम चढतं, ते कमी सोडियमइतकंच धोक्याचं आहे. मीठ साधं आयोडीनयुक्तच हवं. ‘लो सोडियम’ लिहिलेल्या पुड्यांत पोटॅशियम घातलेलं असतं, त्या नकोत.

मोठ्या मुलांना मोजून मीठ द्यावं लागत नाही, पण जेवणात मीठ वर लागेल तेवढं घेऊ द्यावं. मठ्ठा, मीठ घातलेलं पन्हं, लोणच्याचा खार, भाजलेले खारे शेंगदाणे, सगळं चालतं. रक्तदाबाच्या आजोबांचं आणि या नातवाचं पान एका घरात असलं तरी नियम उलटे आहेत. एकाच भांड्यातली अळणी भाजी दोघांना वाढू नका.

ओआरएस कोणतं?

पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं हवं: लिटरमागे सोडियम 75 मिलिमोल, ग्लुकोज 75 मिलिमोल आणि एकूण ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) 245. मोठं पाकीट 1 लिटरचं, छोटं 200 मिलीचं असतं. आधी पाकिटावर बघा, मग पाणी मोजा. मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळणं ही नेहमीची चूक, त्यानं उलटी आणि जुलाब होतात. खोक्यात तयार मिळणारी गोड फळांची पेयं दिसायला तशीच असतात, पण त्यांत साखर भरपूर आणि सोडियम नावापुरतं असतं.

खोलीत कूलर चालेल का?

हा नागपुरातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. उकाड्यात ठेवलं तर मीठ जातं, कूलर लावला तर साचलेल्या पाण्यातले जंतू हवेत उडतात. स्यूडोमोनास, बुरशी आणि टीबीच्या कुळातले पण टीबी नसलेले मायकोबॅक्टेरिया यांना ओलावा आवडतो. परवडत असेल तर लेकराच्या खोलीत एसी लावा आणि जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. कूलरच असेल तर टाकी रोज सकाळी पूर्ण रिकामी करा, घासा, कोरडी करा आणि ताजं पाणी भरा. वाळ्याचे किंवा गवताचे पॅड दर हंगामात नवे घ्या. मागच्या वर्षीचे धुवून पुन्हा लावू नका. पाणी बंद करून पंखा तासभर चालवला की पॅड वाळतात. झोत बाळाच्या तोंडावर येईल अशी खाट ठेवू नये. हंगामाच्या पहिल्या दिवशी कूलर झाडताना लेकराला दुसऱ्या घरी पाठवा.

लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. ठेवू का?

कांद्यानं मीठ भरून निघत नाही, एवढंच खरं उत्तर. एक गंमत मात्र सांगायला हवी. या आजारात सगळ्यात जास्त धास्ती असलेल्या जंतूंपैकी एक म्हणजे बर्कहोल्डेरिया सेपेशिया. वॉल्टर बर्कहोल्डर यांनी 1950 मध्ये त्याचं वर्णन केलं ते सडक्या कांद्यावरून. जेवणातल्या कांद्याला भिऊ नका, पण खिशात ओला होऊन बुळबुळीत झालेला कांदा आणि घरातली सडकी टोपली लेकराच्या जवळ नको.

औषधं कोणत्या क्रमानं द्यायची?

आधी श्वासनळ्या उघडणारं सॅल्ब्युटामॉल, स्पेसर लावून. मग 3 किंवा 7 टक्के मिठाचं पाणी, साधारण 4 मिली, नेब्युलायझरनं. मग छातीचा व्यायाम. श्वासातून घ्यायचं अँटिबायोटिक सगळ्यात शेवटी, कारण आधी दिलं तर ते कफावर बसतं आणि खोकल्याबरोबर बाहेर येतं. कफ पातळ करणारं डॉर्नेस दिवसातून एकदा 2.5 मिलिग्रॅम, नेब्युलायझरनं, त्याची वेळ तुमच्या फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवा.

मिठाच्या पाण्याचा पहिला डोस दवाखान्यातच घ्या, काहींची छाती आवळते. घरी मीठ विरघळवून नेब्युलायझरमध्ये टाकू नका, ते निर्जंतुक नसतं. डॉर्नेस 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं आणि त्यात दुसरं औषध मिसळायचं नाही. धंतोलीतल्या औषधांच्या दुकानातून घरी स्कूटरच्या डिक्कीतून आणलं तर मे महिन्यात ते वाटेतच वाया जातं. बर्फाच्या पिशवीशिवाय दुकानदारानं दिलं तर घेऊ नका. डॉर्नेससाठी जेट नेब्युलायझर वापरा. अल्ट्रासॉनिकच्या उष्णतेनं प्रथिन खराब होऊ शकतं.

छाती मोकळी करायचा व्यायाम घरी कसा?

दिवसातून दोनदा, 20 ते 30 मिनिटं, जेवणाआधी. तान्ह्या बाळाला मांडीवर वेगवेगळ्या कुशींवर घेऊन पोकळ केलेल्या हातानं थापटायचं. डोकं खाली करून लटकवण्याची जुनी पद्धत सोडा, दूध वर येतं.

चारेक वर्षांपुढे बाटलीचा प्रयोग स्वस्त आणि मुलांना आवडणारा आहे. लिटरभराच्या रुंद तोंडाच्या बाटलीत तळापासून 10 सेंटीमीटर पाणी भरा. आतून 8 ते 10 मिलिमीटर व्यासाची नळी तळाशी टेकवा. अरुंद नळी घेतली तर दाब नको तेवढा वाढतो. बाटलीचं तोंड उघडंच राहू द्या, म्हणजे हवा बाहेर पडेल. नाकानं श्वास घेऊन नळीतून सावकाश बुडबुडे काढायचे, असं दहादा. मग तोंड उघडून आरशावर वाफ धरावी तसा ‘हा’ करून दोनदा जोरात सोडायचं आणि खोकून कफ बाहेर टाकायचा. अशा सहा ते दहा फेऱ्या. पाणी प्रत्येक वेळी फेका, नळी धुवून वाळवा. कालचं पाणी आज वापरलं तर जंतू आपणच पाजल्यासारखं होतं.

नेब्युलायझर धुतो की आम्ही. आणखी काय?

धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. प्रत्येक वापरानंतर कप आणि मास्क साबणानं धुवा. मग दिवसातून निदान एकदा, कंपनी चालेल म्हणत असेल तर, 5 मिनिटं उकळा किंवा बाटल्या वाफवायच्या यंत्रात ठेवा. नंतर नळाच्या पाण्यानं विसळू नका, नाहीतर सगळं वाया. स्वच्छ कपड्यावर पूर्ण वाळू द्या. व्हिनेगर पुरेसं नाही. लांब नळी धुवायची नाही. आत दव दिसलं तर मशीन नुसतं चालवून वाळवा.

एन्झाइमच्या कॅप्सूल किती? सावजी खाल्लं तर?

या कॅप्सूलमधलं लायपेज हे एन्झाइम चरबी पचवतं, आणि हिशोब त्याच्या युनिटचा असतो. दर जेवणाला किलोमागे 500 ते 2,500 आणि दिवसभरात किलोमागे 10,000 च्या वर नाही. 15 किलोच्या मुलाला दिवसाची मर्यादा 1,50,000, म्हणजे 25,000 च्या सहा कॅप्सूल. त्याहून जास्त सतत दिलं तर मोठं आतडं आकसू शकतं.

जेवणातल्या तेलाप्रमाणे मात्रा बदलते. साध्या वरण-भाताला कमी, तर्री पोहे, सावजी रस्सा, तुपात बुडवलेली पुरणपोळी किंवा पुडाची वडी असेल तर जास्त. टीस्पूनभर तेलात सुमारे 5 ग्रॅम चरबी असते एवढं लक्षात ठेवलं की अंदाज येतो. नुसतं फळ, सरबत, कोरा चहा यांना कॅप्सूल लागत नाही. साबुदाण्याच्या खिचडीला मात्र लागते, दाण्याच्या कुटात तेलच असतं. उपास म्हणून कॅप्सूल चुकवू नका.

जेवणाच्या सुरुवातीला द्यायची, जेवण लांबलं तर अर्धी सुरुवातीला आणि अर्धी मध्ये. गिळता येत नसेल तर उघडून दाणे सफरचंदाच्या गरात द्या. दुधात, वरणात किंवा गरम भातात मिसळू नका, दाण्यांचं आवरण विरघळतं. चावू देऊ नका. नंतर बाळाच्या हिरड्या बोटानं पुसा, अडकलेला दाणा तोंड सोलतो. उजवीकडे खाली पोट दुखून शी थांबली आणि उलटी झाली तर तो साधा बद्धकोष्ठ समजून घरगुती रेचक देत बसू नका.

तेल-तूप कमी करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. या मुलांना बरोबरीच्यांपेक्षा जास्त उष्मांक लागतात. सोबत अ, ड, ई, के जीवनसत्त्वं.

शाळेला काय सांगायचं?

तीन गोष्टी लेखी: वर्गात बाटली आणि ओआरएस जवळ ठेवू द्यावं, डब्याच्या वेळी कॅप्सूल घेऊ द्यावी, संडासला जायला परवानगी मागायला लावू नये. खोकला संसर्गजन्य टीबीचा नाही, असं डॉक्टरांचं पत्र जोडा. त्यानं पुष्कळ त्रास वाचतो. उन्हातला खेळ सकाळी, पण खेळ बंद करू नका. पळणं हाही छातीचा व्यायामच आहे.

ओपीडीत सिस्टिक फायब्रोसिसचं दुसरं मूल भेटलं. दोघांना खेळू द्यावं का?

नाही. आईवडिलांनी फोनवर खूप बोलावं, मुलांनी 2 मीटर दूर आणि मास्क लावून राहावं. एकाचा जंतू दुसऱ्याला मिळतो.

नवीन गोळ्यांबद्दल ऐकलं. संत्री चालतील का?

एलेक्साकॅफ्टर, टेझाकॅफ्टर आणि आयव्हाकॅफ्टर या तिघांच्या गोळीला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली. ती बिघडलेल्या प्रथिनालाच कामाला लावते, पण ठरावीक दोषांवरच, मुख्यतः एफ508डेल नावाचा जनुकदोष असेल तर. हा दोष युरोपच्या मानानं भारतीय मुलांत कमी आढळतो. म्हणून पूर्ण जनुक चाचणीचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय पैशाची जुळवाजुळव सुरू करू नका. गोळी चरबीयुक्त खाण्याबरोबर घ्यायची, यकृताच्या तपासण्या ठरल्याप्रमाणे करायच्या. टीबीचं रिफॅम्पिसिन हिचा परिणाम पार कमी करतं.

ग्रेपफ्रूट वर्ज्य आहे, म्हणून पपनसही टाळा. आपलं नागपुरी संत्रं वेगळ्या जातीचं आहे, ते खाऊ द्या.

पैशाचं काय?

2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसची गणना तिसऱ्या गटात आहे. ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. महाराष्ट्रातलं असं केंद्र मुंबईचं केईएम. नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांतून किंवा मिहानच्या एम्समधून संदर्भपत्र, घामाचा रिपोर्ट आणि जनुक रिपोर्ट घेऊनच दुरांतोचं तिकीट काढा, नाहीतर फेरी फुकट जाते. महात्मा फुले योजना भरतीसाठी बघा, रोजच्या औषधांची आशा तिच्याकडून ठेवू नका. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, हा आजार नाही.

पुढच्या बाळाचं आधी कळतं का?

कळतं, पण आजारी मुलाचे दोन्ही जनुकदोष आधी माहीत हवेत. मग 11 व्या आठवड्यानंतर वारेचा नमुना किंवा 16 व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासता येतं. गरोदर राहिल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच चाचणी करून ठेवा. मूल अत्यवस्थ असेल आणि चाचणी झाली नसेल, तर जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत 2 ते 4 मिली रक्त ठेवायला सांगा. त्या क्षणी हे सुचत नाही, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मोठं झाल्यावर लग्न, मुलं?

पुरुषांमध्ये बहुतेकांची शुक्रवाहिनी तयारच झालेली नसते, पण शुक्राणू बनतात, त्यामुळे प्रयोगशाळेच्या मदतीनं मूल होऊ शकतं. हे नपुंसकत्व नव्हे. स्त्रिया गरोदर राहू शकतात. जोडीदाराची वाहक चाचणी मात्र आधी करावी.

रात्री दवाखान्यात कधी धावायचं?

दूध तोडलं, लागोपाठ उलट्या, सहा तास लघवी नाही, अंग सैल, झटका, ओठ निळे, श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जाणं, थुंकीत रक्त: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हे बोला: ‘लेकराला सिस्टिक फायब्रोसिस आहे, अंगातलं मीठ कमी होतं. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि ब्लड गॅस लगेच बघा.’ नुसतं डेक्स्ट्रोज लावत असतील तर सोडियम किती आहे ते विचारा. फाइलमध्ये शेवटचं वजन, शेवटचा कल्चर रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी वर ठेवा, आणि गाडीत बसतानाच ओआरएसचं एक मोठं पाकीट आणि मोजून 1 लिटर पाणी सोबत घ्या.